तीन बंद लिफाफे आणि एक निळा तंबू

३ फेब्रुवारी, सोमवार

आज एक संशयास्पद गोष्ट घडली. मला कुणीतरी बोलावले.

ग्रंथालयात मी तालिका विभागात काम करते. म्हणजे नव्या पुस्तकांना क्रमांक देते. चार वर्षे झाली. दुपारचा डबा मागच्या दालनात, इतिहासाच्या कपाटांमध्ये बसून खाते. तिथे शांतता असते. हा एकटेपणा नव्हे, निवड आहे. याचा खुलासा मी यापूर्वीही केला आहे (पाहा : वही तिसरी, पाने ४१, ६७ आणि ९०).

तर देवघेवीच्या काउंटरवरची छोटी आज मला शोधत तिथपर्यंत आली. (उंची पाच फूट आठ इंच. तिला छोटी का म्हणतात, हे कुणालाच सांगता येत नाही.) बावीस तारखेला, शनिवारी, स्टाफपैकी अकरा जण तलावाकाठी एका रात्रीच्या मुक्कामाला जाणार आहेत म्हणे. बस सकाळी सहाला. तिच्या तंबूत तिघींची जागा आहे : ती, झेरॉक्सवाली आणि मी.

मी विचारले, मीच का?

ती म्हणाली, "अगं, तू का नाही?"

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर. मी विचार करून सांगते म्हटले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यालय सुटल्यावर तीन तास अभ्यास केला. फार महत्त्वाची माहिती हाती आली. सर्व जाणकारांचे यावर एकमत आहे की तंबूवर जितक्या माणसांची संख्या छापलेली असते, त्यातून एक वजा करावी. तिघांचा तंबू हा वस्तुतः दोघांचा असतो.

म्हणजे दोघींच्या जागेत मला तिसरी म्हणून बोलावले आहे. तिसरीला चेनपाशी झोपवतात. तिथून वारा येतो, आणि रात्री बाहेर जाणारी प्रत्येक व्यक्ती तिच्या पोटावरून जाते.

आता सगळे स्पष्ट झाले.

संकल्प : स्वतःचा तंबू घेणे. चांगला आणि परवडणारा. अठरा दिवस हातात आहेत. शालान्त परीक्षेत मी केंद्रात पहिली आले, तेव्हा रसायनशास्त्राला याहून कमी दिवस मिळाले होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझा तंबू मी आणीन असे छोटीला सांगितले. तिचा चेहरा क्षणभर उतरला. याचा अर्थ काही बेत होता आणि तो फसला. मग म्हणाली, बरं, आमच्या शेजारीच लाव.

सहलीचे पुढारीपण बाइंडर मामांकडे आहे. ते ग्रंथालयाची फाटकी पुस्तके बांधतात आणि वर्षातून दोनदा डोंगरात जातात. त्यांचा सल्ला असा, की तंबू कुठलाही चालतो, फक्त निघण्याआधी घरी एकदा उघडून आणि घडी घालून बघ. "कुठलाही चालतो" असे जो म्हणतो, त्याच्या मनात एखादा विशिष्ट तंबू असतो. लक्ष ठेवायला हवे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इंटरनेटवरची परीक्षणे वाचली. संख्या एकशे बारा. पाच तारे देणारे विक्रेत्याचे नातेवाईक असतात. एक तारा देणारे प्रतिस्पर्धी कंपनीतले. चार तारेवाल्यांना पाच द्यायचे असतात, पण संकोच वाटतो. विश्वास ठेवावा तो केवळ तीन तारेवाल्यांवर, कारण तीन ताऱ्यांसाठी कुणी कुणाला पैसे देत नाही.

असे परीक्षण एकच सापडले. दोघांसाठीचा, आपोआप उघडणारा, निळा तंबू. त्याखाली लिहिले आहे : "तंबू बरा असावा. कापडाला वास येतो, परंतु नव्या कापडाला तो येतोच. खुंट्या बारा सांगितल्या होत्या, बाराच आहेत, मोजल्या. खोक्यावरील कुटुंब अकारण हसत आहे." मजकूर यापुढेही आहे असे दिसते, पण एवढ्यातच माणसाची पारख होते. नाव दिलेले नाही.

खोक्यावरचे कुटुंब मी पाहिले. खरोखरच अकारण हसत आहे.

या जगात समविचारी माणसे आहेत. फक्त ती काउंटरवर बसत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाबरोबर कॅम्पिंगच्या मोठ्या दुकानात गेले. सेल्समन मला पाहून हसला. मी अजून काही विचारलेही नव्हते. दादाचे म्हणणे, हसणे हा त्याच्या नोकरीचा भाग आहे. मीही तेच म्हणते आहे.

त्याने एक चपटी गोल पिशवी उघडली, आतली वस्तू हवेत फेकली आणि खाली येईपर्यंत तिचा तंबू झाला. मी विचारले, याची परत घडी कशी घालायची. "एकदम सोपं आहे, मॅडम," असे म्हणून तो लगेच दुसरा तंबू दाखवायला घेऊन गेला. दुसराही बरा होता.

प्रत्यक्ष मापासाठी मी आत शिरून आडवी झाले. तेवढ्यात बाहेर गर्दी झाली. कुणीतरी विचारले, आतल्या बाई तंबूबरोबर मिळतात का. गर्दी पांगेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटे, मी शिवणींचे निरीक्षण केले. शिवणी पक्क्या आहेत.

दादा तोपर्यंत घरी निघून गेला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

पद्धत ठरली. इतकी साधी गोष्ट आधी सुचली कशी नाही?

आमच्या ग्रंथालयात चार खुर्च्या घ्यायच्या असल्या तरी तीन विक्रेत्यांकडून बंद लिफाफ्यात दरपत्रके मागवतात. लिफाफे दोन साक्षीदारांसमोर एकाच वेळी उघडतात. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याचा माल घ्यायचा असा नियम. कोण कसे हसले याला तिथे स्थान नाही. तंबूचीही खरेदी याच पद्धतीने होईल.

छोटीला हे सांगितले. तिने विचारले, एका तंबूसाठी? मी म्हटले, तत्त्वाला संख्या नसते. हे वाक्य मला स्वतःला फार आवडले. ती मात्र एवढेच म्हणाली, की तिची तिसरी जागा अजून तशीच आहे, वाटलं तर सांग.

एका आठवड्यात दुसऱ्यांदा आग्रह. खपत नसलेल्या मालाचाच इतका आग्रह होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिफाफा क्रमांक एक : मोठे दुकान. सेल्समनने मॅनेजरला बोलावले, मॅनेजरने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि घरी कोण कोण असते ते विचारले. शेवटी लिफाफा दिला.

लिफाफा क्रमांक दोन : ताडपत्रीवाले काका. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीन टाकून बसतात. मालगाड्यांची आवरणे आणि तंबू शिवतात. पत्ता बाइंडर मामांनी दिला. (दोघांचा परस्परसंबंध काय? मामांना विचारले, तर म्हणाले, "आम्ही दोघंही दोऱ्याचंच खातो." यावरून काही उलगडत नाही.)

काकांनी मशीन न थांबवता विचारले, किती रात्रींसाठी हवा. एका, मी म्हटले. माणसं किती. मी एकटीच, म्हटले. तेव्हा त्यांनी मशीन थांबवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मग विकत कशाला घेतेस, पोरी?"

विकायला बसलेला माणूस विकत घेऊ नकोस म्हणतो, तेव्हा पाणी कुठेतरी मुरते आहे हे कळायला केंद्रात पहिले यावे लागत नाही. मी लिफाफ्यावर ठाम राहिले. काकांनी खडूने कागदावर काही लिहिले, कागद लिफाफ्यात घातला, आणि डिंक नसल्यामुळे लिफाफ्याचे तोंड मशीनवर शिवून दिले. दुहेरी शिवण.

इतका बंद लिफाफा मी आमच्या ग्रंथालयातही पाहिलेला नाही. इतके काय लपवायचे आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिफाफा क्रमांक तीन. वेबसाइट लिफाफा देत नाही, म्हणून निळ्या तंबूचे पान प्रिंट केले. तीन तारेवाले परीक्षण एका कागदावर मावले तेवढे घेतले. कागद न पाहता लिफाफ्यात घातला. दर मला आधीपासून पाठ होता, पण तो पाठ नाही असे समजण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

प्रिंट देताना झेरॉक्सवालीने विचारले, तू आमच्या तंबूत नाहीस का? छोटी म्हणत होती की येशील. मी नाही म्हटले. दोघींचे आपापसात बोलणे झालेले आहे, ही एक गोष्ट यातून सिद्ध झाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सायंकाळी ५

लिफाफे उघडण्याचा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर झाला. साक्षीदार : आई (भाजी निवडत), दादा (विनाकारण उत्साहात).

क्रमांक एक. या रकमेत तलावाकाठी पक्के घर मिळाले असते. बाद.

क्रमांक दोन. शिवण कात्रीने उसवावी लागली. आत खडूने लिहिले होते : "माझा जुना पडून आहे. घेऊन जा. आणताना वाळवून आण." रक्कम नाही.

दादा टाळ्या वाजवू लागला. सर्वांत कमी दर म्हणजे शून्य, तुझ्याच नियमाने काका जिंकले, असे त्याचे म्हणणे. मी शांतपणे निर्णय दिला की शून्य हा दर नसून आमिष आहे. अनोळखी माणूस फुकट देतो, तेव्हा तो तंबू देत नसतो, उपकार देत असतो. आणि उपकाराची परतफेड कुठल्याही दरपत्रकात नमूद नसते. आई म्हणाली, चांगला माणूस दिसतोय. आईने त्यांना पाहिलेलेही नाही.

क्रमांक तीन. निळा तंबू. स्वीकृत. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आईने भाजीच्या हाताने केली.

नंतर आईने विचारले, ती उंच मुलगी स्वतःहून बोलावते आहे, तर तिच्याच तंबूत गेलीस तर काय होईल? मी म्हटले, हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

ऑर्डर दिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तंबू आला नाही. वेबसाइट सांगते, "तुमची वस्तू तुमच्या जवळ आहे." दोन वेळा दार उघडून पाहिले.

छोटीने सामानाची यादी दिली : टॉर्च, पांघरूण, बाटली. माझ्या यादीच्या खाली तिच्या अक्षरात लिहिले आहे, "बाकी काही नको, तू ये." झेरॉक्सवालीच्या यादीवर हे वाक्य आहे का, ते पाहायला तिच्या टेबलापाशी तीन चकरा मारल्या. नाही.

मलाच का लिहिले?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आला. डिलिव्हरीवाल्याने जाताना एकदा मागे वळून पाहिले. नोंद करून ठेवते.

खुंट्या मोजल्या. बारा. त्या अनामिक परीक्षकाने अक्षर न् अक्षर खरे लिहिले आहे. कापडाला वासही तोच.

उभारणीला लागलेला वेळ : तीन सेकंद. पिशवीची चेन थोडी सरकवताच तो माझ्या हातातून उसळला आणि हॉलभर उघडला. एक फुलदाणी गेली. आई सोफ्यावर चढली. मी मात्र मनोमन सुखावले. अभ्यास करून घेतलेली वस्तू अशी असते.

संध्याकाळी आत जाऊन बसले. आतून घरातले आवाज मऊ ऐकू येतात. निळा उजेड पडतो. लांबी-रुंदी घेतली. खोक्यावर दोन लिहिले आहे, त्यातून एक वजा करायची. परंतु दोन बारीक व्यक्ती, किंवा एक बुटकी आणि एक पाच फूट आठ इंच, अंग चोरून बसल्या तर मावतील. हे केवळ मापासाठी लिहिले आहे.

घडी उद्या. सोपीच आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माहितीपत्रकात उघडण्याच्या सहा आकृत्या आहेत. घडी घालण्याबद्दल एकच ओळ : "वरील कृती उलट क्रमाने करावी." उलट क्रमाने केली. आकृती सहा ते चार कुठलाही त्रास झाला नाही, कारण त्यांत माणसे तंबूजवळ उभी राहून हसत आहेत.

मी एक बाजू दाबली की दुसरी उठते. दादा दुसरीवर बसला की पहिली त्याला लाथ मारते. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस तंबूचा इंग्रजी आठाचा आकडा करतो आणि पुढच्याच क्षणी पिशवी हातात धरून उभा असतो. मधला भाग कापलेला आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौदा वेळा पाहिला.

पिशवी मोजली. जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी. हा तंबू या पिशवीतून बाहेर आला असणे भूमितीच्या दृष्टीने अशक्य आहे. भूमितीत मला शंभरपैकी नव्याण्णव होते.

निष्कर्ष : पिशवी बदलण्यात आली आहे. संशयित : डिलिव्हरीवाला. दादा. पुन्हा डिलिव्हरीवाला.

उघडाच नेता येईल का ते पाहिले. दारातून जात नाही.

उद्या सकाळी ताज्या डोक्याने.

२२ फेब्रुवारी, शनिवार

४.५०. बाकी तयारी पूर्ण. टॉर्च, पांघरूण, बाटली दाराशी.

५.१५. आठाचा आकडा झाला. मग सुटला. दादाच्या चष्म्याची काडी गेली. दादा झोपायला गेला.

५.३०. दोरीने बांधला. दोरीसकट उघडला.

५.४८. फोन. छोटी. उचलला नाही. काय सांगणार?

५.५५. पुन्हा. ५.५९. पुन्हा. इतका आग्रह संशयास्पद आहे, हे मी पहिल्या दिवसापासून लिहीत आले आहे.

६.०४. आई म्हणाली, मेला तो तंबू राहू दे इथेच. तू जा. तिच्याकडे जागा आहे ना?

मी म्हटले, अठरा दिवस तिला नाही म्हणून आता कोणत्या तोंडाने जाऊ.

६.०८. फोन. ६.१२. फोन. मी तंबूत जाऊन बसले आणि आतून चेन लावली. फोन सोफ्यावर राहिला. आणखी एकदा वाजला, मग थांबला.

६.४०. बस सहाची होती. सुटले एकदाची.

२३ फेब्रुवारी, रविवार

तंबू हॉलमध्येच. आईने टीव्ही बघण्यासाठी खुर्ची त्याच्या दारापाशी हलवली आहे. दादा आत बसून वर्तमानपत्र वाचतो. त्याचा अभिप्राय : उजेड चांगला आहे.

घडीचे कोडे त्या तीन तारेवाल्या परीक्षकाने नक्की सोडवले असणार, असे मनात आले. प्रिंटवर परीक्षण अर्धेच मावले होते. वेबसाइटवर जाऊन "अधिक वाचा" यावर बोट ठेवले. या सोळा दिवसांत ते मी एकदाही केले नव्हते. पुस्तकाचे शेवटचे पान वाचल्याशिवाय त्याला क्रमांक न देणारी मी.

पुढे दोनच ओळी होत्या :

"तंबू अद्याप पिशवीतून काढलेला नाही. सोबत मिळाली की काढीन."

खाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची.

आज आणखी काही लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कारण ठरवून गेले होते : ताप. परंतु दारातच बाइंडर मामांनी विचारले, उतरला का ताप? झेरॉक्सवालीने कपाळाला हात लावून पाहिला. ग्रंथपाल सरांनी लवकर घरी जायचे असेल तर जा म्हणून सांगितले. मी अजून कुणाजवळही तापाचा उच्चार केलेला नव्हता. माझ्या मनातले कारण माझ्याआधी कार्यालयात पोहोचले होते. इतका उघड कट मी यापूर्वी पाहिलेला नाही.

दुपारी छोटी इतिहासाच्या कपाटांपाशी आली. स्वतःचा डबा घेऊन. जमिनीवर बसली, इतक्या उंच माणसांना जमिनीवर बसायला वेळ लागतो.

मी म्हटले, मला ताप होता.

ती म्हणाली, "माहितीये. मीच सांगितला सगळ्यांना. सहाव्या फोनला काकूंनी उचललं. म्हणाल्या, घडी होत नाहीये म्हणून आतून चेन लावून बसलीये."

मी कपाटाकडे पाहिले. चौथ्या खणातला एक खंड उलटा लावलेला होता. तो सरळ केला.

सतरा मिनिटे तिने बस थांबवून ठेवली होती, हे तिने सांगितले नाही. ते मागाहून बाइंडर मामांनी सांगितले, तक्रार म्हणून.

तिने फोनवर फोटो दाखवला. त्यांच्या तंबूतला, सकाळचा. एका टोकाला झेरॉक्सवाली, तोंडावर पांघरूण. दुसऱ्या टोकाला, चेनपाशी, स्वतः छोटी. सगळे केस वाऱ्याने एका बाजूला. मध्ये एका माणसाची जागा, आणि तिथे बॅगा.

मी विचारले, तू चेनपाशी का झोपलीस.

"मला रात्री उठायला लागतं. आणि माझे पाय बाहेर राहतात. मधली तुझी होती ना."

मी फोटो मोठा करून पाहिला. कोपरे पाहिले. बॅगांच्या मागेही पाहिले. काही सापडले नाही.

मग तिने विचारले, घडी झाली का. मी पिशवी बदलल्याची सर्व हकिगत सांगितली, भूमितीसकट. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, संध्याकाळी येते.

सायंकाळी ७.१५. आली. दारातून वाकून आत शिरली आणि तंबू पाहून थेट तंबूतच गेली. मलाही जावे लागले; यजमान म्हणून. अंग चोरावे लागले, पण माझे माप बरोबर ठरले. आईने दारातून चहाचे दोन कप आत सरकवले. वर पंखा फिरत होता, त्यामुळे कापड तळ्यावरच्या वाऱ्याने हलावे तसे हलत होते, असे छोटीचे म्हणणे. मी तळे पाहिलेले नसल्याने त्यावर मत देता येत नाही. पाऊण तास ती बोलली. मी मध्ये मध्ये बोलले. एकदा बरेच बोलले.

बाइंडर मामा एप्रिलमध्ये पुन्हा नेणार आहेत. येशील का, तिने विचारले. मी म्हटले, हो. कारण विचारायचे राहून गेले.

निघताना तिने तंबू उभा धरला, मध्ये गुडघा घातला, मनगट एकदा वळवले आणि तारेची कडी एकात एक बसवली. पिशवीत घातला. खुंट्यांसाठी जागा उरली.

तंबूला किती तारे द्याल, असा वेबसाइटचा निरोप आला होता. तीन दिले. खाली लिहिले : "दोघी मावतात."

पिशवी बदललेली नव्हती.